फेणे पास, समीक्षक नापास

गेल्या शनिवारी मामाकडे मोशीला गेलो होतो. मामी पुरणपोळ्या करत होती, मामा चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून यायचा होता आणि मामेबहीण नेहमीप्रमाणे पुस्तकात डोकं घालून बसली होती. म्हटलं, बाई, दोन तास जरा सुट्टी घे, एक सिनेमा बघू. तिला लावून दिला 'फास्टर फेणे'. 2017 चा, आदित्य सरपोतदारने दिग्दर्शित केलेला, अमेय वाघ असलेला. मी तो रिलीज झाला तेव्हा पिंपरीच्या मल्टिप्लेक्समध्ये कॉलेजच्या पोरांबरोबर पाहिला होता, शिट्ट्या वगैरे मारून. तिने पहिल्यांदाच पाहिला.

सिनेमा संपल्यावर ती एकच वाक्य बोलली. ते मी शेवटी सांगतो, कारण आजचा सगळा लेख त्या एका वाक्यावर उभा आहे. (आणि हो, सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे गोष्ट फोडणार आहे.)

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे नवीन मंडळींना गोंधळ नको. भा. रा. भागवत (1910 ते 2001) यांनी मराठी पोरांना ज्यूल व्हर्न आणून दिला आणि स्वतःचा फास्टर फेणेही दिला. बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन, वाहन सायकल, अंगकाठी हडकुळी आणि तोंडी 'ट्टॉक!'. वीसच्या आसपास पुस्तकं. पठ्ठ्या काश्मीरला जातो, प्रतापगडावर जातो, चीनच्या युद्धात नेफापर्यंतसुद्धा पोचतो. मग ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, त्यात फेणे होता शाळकरी वयातला सुमीत राघवन. आणि मग 27 ऑक्टोबर 2017 ला सिनेमा.

म्हणजे आपल्याकडे पुस्तक, मालिका, सिनेमा असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास केलेला किशोरवयीन नायक हाताच्या बोटावर मोजण्याइतका. दुसरा चटकन आठवतो तो दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. तो रेडिओवरून पुस्तकात आला, आणि 2009 मध्ये सिनेमात. तिसरा आठवायला मला चहा लागेल.

आता मुद्दा. सिनेमा आला तेव्हा मी मिळतील तेवढी परीक्षणं वाचली होती. परवा रात्री जेवढी सापडली तेवढी पुन्हा वाचून काढली. माझी तक्रार समीक्षकांनी सिनेमाला शिव्या घातल्या अशी बिलकुल नाही. उलट बहुतेकांनी कौतुकच केलं. वेग आहे, पुणं छान दिसतं, गिरीश कुलकर्णीचा आप्पा अंगावर येतो, अमेय वाघ शोभलाय, मराठीत असा थ्रिलर हवाच होता. सगळं मान्य. माझी तक्रार अशी आहे की एवढं सगळं लिहून ज्या गोष्टीवर सिनेमा उभा आहे तिच्याकडे बघायला कुणाला वेळच झाला नाही.

त्या परीक्षणांमध्ये प्रश्न कुठले होते? एक, हा आमचा फेणे आहे का? दोन, फेणे एवढा मोठा कसा झाला? तीन, ट्टॉक नीट जमलंय का? चार, आजच्या मुलांना आवडेल का? बहुतेक लेखांचा पहिला परिच्छेद तर सिनेमाबद्दल नसायचाच. तो असायचा मे महिन्याच्या सुट्टीबद्दल, वाचनालयाबद्दल, माळ्यावर सापडलेल्या जीर्ण पुस्तकाबद्दल. दुसऱ्या परिच्छेदात सुमीत राघवनची मालिका. तिसऱ्यात कुठे तरी सिनेमा सुरू व्हायचा, आणि पाचव्यात स्टार देऊन घरी.

आमच्या धंद्यात याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. म्हणजे सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली की आधी हे बघायचं की जुनं जे चालत होतं ते मोडलं तर नाही ना. गरजेचं काम आहे, मी स्वतः पोटासाठी करतो. पण नुसतं तेवढं करून 'टेस्टिंग पूर्ण' असा मेल टाकला तर मॅनेजर विचारेल, अरे बाबा, नवीन फीचर कुणी तपासलं? फेणेच्या बाबतीत सगळ्यांनी जुनं शाबूत आहे का ते तपासलं. नवीन काय आलंय ते कुणीच तपासलं नाही.

नवीन काय होतं? नीट आठवा. बनेश फेणे पुण्यात येतो तो किल्ला बघायला नाही की चोर पकडायला नाही. मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला येतो. तिथे त्याला एक मुलगा भेटतो. मग कळतं की त्या मुलाने आत्महत्या केली. फेणेला ते पटत नाही. तो खणत जातो आणि खाली सापडतो प्रवेश परीक्षांचा धंदा, आणि त्या धंद्याचा मालक आप्पा. क्षितिज पटवर्धनने लिहिलेली ही गोष्ट आहे. म्हणजे आख्खा सिनेमा परीक्षेबद्दल आहे. परीक्षा काढली तर सिनेमात उरतं काय? एक सायकल आणि एक ट्टॉक.

आणि हे कधी? 2017 मध्ये. मध्य प्रदेशातला व्यापमचा घोटाळा 2013 मध्ये बाहेर आला होता. त्यातले आरोपी आणि साक्षीदार एकामागून एक मरत होते आणि जुलै 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला होता. आपल्याकडे राज्याच्या सीईटीवरचे मेडिकल प्रवेश 2017 पासून नीटवर गेले. लाखो घरांत त्या वर्षी एकच विषय होता. आणि त्याच वर्षी एक मराठी सिनेमा येतो, किशोरांसाठी येतो, आणि सांगतो की पोरांनो, तुम्ही ज्या परीक्षेसाठी मरताय ती विकली जाऊ शकते, आणि एखादा पोरगा मेला तर त्यावर 'ताण सहन झाला नाही' असा शिक्का मारून फाईल बंद होऊ शकते. मोठ्यांच्या सिनेमात हे आलं असतं तर 'ज्वलंत सामाजिक वास्तव' वगैरे शब्द निघाले असते. किशोरांच्या सिनेमात आलं म्हणून ते झालं 'कथानकाची पार्श्वभूमी'!

इथेच माझं डोकं फिरतं. किशोरवयीन मुलांचा सिनेमा म्हटला की आपण दोनच प्रकारे बघतो. एक तर स्वतःच्या बालपणाचा आल्बम म्हणून, नाही तर पोरांना द्यायचं चॉकलेट म्हणून. पहिल्या प्रकारात प्रश्न असतो 'मला माझं बालपण परत मिळालं का', दुसऱ्यात 'पोरं दोन तास गप्प बसतील का'. सोळा ते अठरा वर्षांचा एखादा माणूस तिकीट काढून येईल, स्वतःच्या आयुष्याबद्दल काही तरी पाहील आणि त्यावर त्याचं स्वतःचं मत असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आता 'फेणे मोठा का केला' ही तक्रार घ्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली. पुस्तकातला फेणे शाळकरी, सिनेमातला बारावी झालेला, आणि तो साकारणारा नट तिशीच्या आसपासचा. तक्रार वरवर रास्त वाटते. पण मला सांगा, आज बारा-तेरा वर्षांच्या मुलाने साहस करायचं कधी? भागवतांच्या फेणेकडे एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे सुट्टी. मोकळा वेळ. सायकल काढली, निघाला. आमच्या मोशीतून सायकल काढून पोरगं स्पाइन रोडला लागलं तर पहिला कंटेनर येईपर्यंतच साहस! आणि वेळेचं म्हणाल तर शाळा, मग क्लास, मग क्लासची टेस्ट, रविवारी टेस्टची टेस्ट. आजच्या मराठी मुलाला घरातून एकट्याने बाहेर पडून, अनोळखी गावात, अनोळखी मुलांबरोबर, आयुष्य पणाला लावून काही करण्याची पहिली अधिकृत संधी कुठली मिळते? प्रवेश परीक्षा! हसू नका, खरं आहे. सेंटर कुठलं तरी लांबचं येतं, आदल्या रात्री जाऊन राहावं लागतं, गेटवर झडती होते. लेखकाने फेणेला अठरा वर्षांचा केला तो बाजारासाठी केला असेलही, पण त्यामुळे तो आजच्या साहसाच्या एकमेव जागी बरोबर पोचला. ज्यांना तो तेराच वर्षांचा हवा होता त्यांना तो 1970 मध्येच हवा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मालिकेची तुलना करणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. ती मालिका माझ्या जन्माच्या आधीची. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या पन्नाशीच्या काका मंडळींनी 'मालिकेची मजा नाही' असं सांगितलं, त्यांना मी प्रेमाने विचारलं, काका, एखादा भाग सांगा ना. एकालाही धड सांगता आला नाही. आठवत होता तो सुमीत राघवनचा चेहरा आणि शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला जाणं. म्हणजे मजा मालिकेची होती की शेजाऱ्यांच्या टीव्हीची? :-)

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत 'व्हेरोनिका मार्स' नावाची मालिका होती, 2004 ते 2007. शाळकरी मुलगी डिटेक्टिव्ह, अगदी फेणेची लांबची बहीण शोभावी अशी. मालिका बंद पडली. मग 2013 मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी काढली. मागितले होते 20 लाख डॉलर, जमले 57 लाख, आणि देणारे 90 हजारांच्या वर लोक. 2014 मध्ये सिनेमा आला. तिथेही नायिका मोठी झालेली, आणि तिथेही बराच वाद यावरच की हा सिनेमा चाहत्यांना खूश करायला आहे की इतरांनाही कळेल. पण एक फरक बघा. तिथे आठवणी काढणाऱ्यांनी निदान खिशातून पैसे काढले होते, पैसे देऊन तक्रारीचा हक्क कमावला होता. आपल्याकडे मात्र आठवणी फुकटच्या आणि वर आजच्या पोरांनी त्यांचा मान राखावा ही अपेक्षा.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो, नाही तर तुम्ही बोलालच.

पहिला आक्षेप: आठवणी निर्मात्यांनीच विकल्या ना? बरोबर आहे. नाव 'फास्टर फेणे' ठेवलं ते जुन्या वाचकांनी यावं म्हणूनच. सिनेमात तर खुद्द भा. रा. भागवत हे पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. तुम्ही दारावर आठवणींची पाटी लावलीत तर गिऱ्हाईक आत येऊन आठवणीच मागणार. मान्य. पण समीक्षक म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नाही. पाटीवर काय लिहिलंय ते गिऱ्हाईकही वाचू शकतं. आत काय शिजलंय ते सांगणं हे समीक्षकाचं काम.

दुसरा आक्षेप: अरे, हा मसाला थ्रिलर आहे, त्यात काय समाजशास्त्र शोधतोस? इथे मी थोडा मागे येतो. सिनेमाने आपला विषय पूर्ण पेलला असं माझंही म्हणणं नाही. त्याने आख्खी सडकी व्यवस्था एका आप्पामध्ये भरली. गिरीश कुलकर्णीने तो आप्पा इतका भारी केला की आपल्याला वाटतं, हा गेला की विषय संपला. खऱ्या आयुष्यात आप्पा एक नसतो. एक पेपर छापणाऱ्याकडे असतो, एक वाहतुकीत, एक सेंटरवर, एक क्लासमध्ये, आणि एक चक्क ऑफिसात खुर्चीवर. पण गंमत म्हणजे हा आक्षेपही मला एकाही परीक्षणात वाचायला मिळाला नाही. सिनेमाकडे गंभीरपणे बघितलं असतं तर तो नीट झोडपताही आला असता. लाड करणं आणि गांभीर्याने घेणं यात हाच फरक. भाच्याच्या चित्राला आपण 'छान छान' म्हणतो, सहकाऱ्याच्या कोडमध्ये चुका काढतो. किशोरांच्या सिनेमाला आपण कायम भाच्याचं चित्र समजतो.

तिसरा आक्षेप: तेव्हा कुणाला माहीत होतं पुढे काय होणार? बरं, पुढे काय झालं ते बघू.

2021 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. त्याच वर्षी 12 डिसेंबरला होणारी म्हाडाची भरती परीक्षा अगदी आदल्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. पोरं गावोगावहून निघून एसटी स्टँडवर पोचलेली. तपास पुणे पोलिसांच्या सायबर शाखेकडे, आणि त्यातून शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा घोटाळा निघाला. राज्याच्या परीक्षा परिषदेचा आयुक्तच अटकेत! म्हणजे आप्पा पुण्यात निघाला, आणि तो गुंडाच्या बंगल्यात नव्हता, परीक्षा घेणाऱ्या ऑफिसात होता. हे वाचून मला पहिल्यांदा फेणे आठवला होता. बाकी कुणाला आठवला असेल असं वाटत नाही.

मग 2024 ची नीट. 5 मे ला परीक्षा, 4 जूनला निकाल, आणि 67 जणांना 720 पैकी 720. वाढीव गुण रद्द होऊन, फेरपरीक्षा होऊन आणि एका प्रश्नाचं उत्तर बदलून जुलैअखेर ते 17 वर आले. हजारीबाग आणि पाटण्याला पेपर फुटल्याचं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, पण फूट देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून 23 जुलैला परीक्षा रद्द करायला नकार दिला. आपल्या लातूरमध्येही त्याच वेळी गुन्हा दाखल झाला होता. परीक्षा दिलेली मुलं होती 23 लाखांच्या वर.

त्यात एक माझी मामेबहीण.

तिची गोष्ट फार मोठी नाही, अशा घरोघरी आहेत. मामा चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत लाईनवर. पहाटे कंपनीची बस. मुलीच्या क्लाससाठी कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज. ती दोन वर्षं मोशी ते निगडी बसने क्लासला जायची, परत येताना उभ्याने नोट्स वाचायची. निकाल लागला तेव्हा मार्क उत्तम होते. मामीने पेढे आणले. मग संध्याकाळी नंबर बघितला. आदल्या वर्षी तेवढ्याच मार्कांना जो नंबर होता त्याच्या कितीतरी खाली. आता इंजिनीअर आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, हे सगळं पेपरफुटीमुळे झालं असं म्हणता येणार नाही. पेपर सोपा होता, अभ्यासक्रम कमी केला होता, मुलं जास्त होती. पण खरी वाईट गोष्ट तीच आहे. तिला कधीच कळणार नाही की तिच्या पुढे गेलेल्यांमध्ये किती अभ्यासाने गेले आणि किती पैशाने. मार्क कमी पडले असते तर ती रडून मोकळी झाली असती. आता तिच्याकडे राग आहे, पण तो कुणावर काढायचा ते नाव नाही. पेढ्यांचा बॉक्स दोन दिवस तसाच फ्रीजमध्ये होता. तिने ड्रॉप घेतला. पुन्हा परीक्षा दिली. आता फिजिओथेरपीला आहे, आनंदात आहे असं म्हणते. मामाचे हप्ते चालूच आहेत.

तर त्या मुलीला मी शनिवारी फेणे दाखवला. तिने पुस्तकं वाचलेली नाहीत. मालिका तर तिला माहीतच नाही. फेणेचं वय पुस्तकात किती होतं याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. ट्टॉक ऐकून ती हसली, म्हणजे ते जमलंय. परीक्षेच्या प्रसंगात मात्र तिने मांडीवरची उशी घट्ट धरून ठेवली होती. त्या मुलाच्या आत्महत्येची बातमी आली तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभी राहिली आणि मग तिथेच बसली. शेवटपर्यंत.

सिनेमा संपला. आप्पाचा खेळ खलास. संगीत, नावं. मी विचारलं, कसा वाटला?

ती म्हणाली, "भारी आहे रे दादा. पण आप्पाला धरल्यावर त्या वर्षीच्या सीट्सचं काय झालं?"

मी गप्प. कारण सिनेमात त्याचं उत्तर नाही. आणि मला आलेला खरा राग त्याच्यापुढचा आहे. आठ वर्षांपूर्वी शिट्टी मारताना हा प्रश्न मला पडला नव्हता. इतक्या लोकांनी इतके रकाने भरून लिहिलं, त्यांनाही पडला नव्हता. आम्ही सगळे फेणे खरा आहे का ते तपासत बसलो होतो. परीक्षा खरी आहे का हे विचारणारी एकच निघाली, जिने ती दिली होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. यापुढे किशोरवयीन मुलांच्या सिनेमावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यात मीही आलो, आधी एका सतरा वर्षांच्या माणसाशेजारी बसून तो सिनेमा बघावा. त्याने उशी कुठे घट्ट धरली ते बघावं. मग लिहावं. स्वतःच्या मे महिन्याच्या सुट्टीबद्दल लिहायचं असेल तर ते जरूर लिहावं, छानच असतं, पण त्याला परीक्षण म्हणू नये आणि त्याला स्टार देऊ नयेत.

असो. पुरणपोळ्या झकास होत्या. मामा चारला आला, जेवला, म्हणाला काय बघितलंत? म्हटलं फास्टर फेणे. म्हणाला, "अरे वा! आमच्या वेळी टीव्हीवर लागायचं ते..."

मी आणि बहिणीने एकमेकांकडे पाहिलं. काही बोललो नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची बस होती.